छायाचित्रावरून प्राणिचित्रण : एक नित्याचा अभ्यास

1515 साली आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने लाकडी ठशावरून छापलेले गेंड्याचे एक चित्र प्रसिद्ध केले. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांना मिळालेला हा गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला होता. ड्यूररने तो पाहिला नव्हता. कोणी धाडलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन, एवढ्यावर त्याने काम भागविले. चित्र प्रभावी झाले खरे, पण गेंड्याच्या पाठीवर एक जादा शिंग उगवले!

आज टॅब्लेट आणि डिजिटल लेखणी घेऊन रोज एक प्राणी रंगवू पाहणाऱ्यापुढे ही अडचण नाही. हव्या त्या प्राण्याचे छायाचित्र त्याला क्षणात मिळते. मग चित्रकलेचा प्रश्न सुटला काय? तसे नाही. ड्यूररची अडचण माहितीच्या अभावाची होती. आपली अडचण माहितीच्या सुकाळाची आहे.

छायाचित्राचे उपकार मात्र मान्य केले पाहिजेत. भरधाव घोडा म्हणजे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला, असेच चित्रकार रंगवीत आले होते. जेरिकोने 1821 साली रंगविलेली एप्समची शर्यत पाहावी. 1878 साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसले की चारही पाय अधांतरी असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

पण कॅमेराही फसवितो. कुत्र्याच्या अगदी जवळून टिपलेल्या छायाचित्रात नाक फुगते आणि कान लहान होतात. काळ्या म्हशीच्या अंगावरील सावल्या एकच काळा डाग होऊन बसतात. म्हणून छायाचित्राला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये.

आता रोजच्या अभ्यासाची रीत पाहू. प्रथम केसांकडे मुळीच पाहू नये. खांदा, छातीचा पिंजरा आणि कमर हे तीन मोठे आकार मांडावेत. मग सांधे शोधावेत. कुत्र्याच्या मागच्या पायाचा उलटा वाकलेला सांधा आपण गुडघा समजतो. वस्तुतः ती त्याची टाच! खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. त्यानंतर उजेड, मध्यम छटा आणि सावली असे तीनच भाग करावेत. केस सर्वांत शेवटी, तेही वाढीच्या दिशेने.

यंत्राने दिलेल्या सोयी येथे मोह ठरतात. छायाचित्र खालच्या थरात ठेवून त्यावर रेघा गिरविता येतात. त्यातला रंग लेखणीच्या टोकाने जसाच्या तसा उचलता येतो. पण अशाने चित्र साधते आणि हात तसाच राहतो. छायाचित्र शेजारी ठेवावे, खाली नव्हे. रंग आधी अंदाजाने लावावा, मग पडताळावा.

शेवटची दहा मिनिटे छायाचित्र झाकून तोच प्राणी वेगळ्या पवित्र्यात आठवणीने काढावा. जेथे हात अडेल तेथे डोळ्याने पाहिलेले नव्हते, असे समजावे. उद्याचा धडा तोच. आणि दुसऱ्याच्या छायाचित्रावरून केलेले चित्र प्रसिद्ध करावयाचे किंवा विकावयाचे असल्यास त्या छायाचित्रकाराची परवानगी अवश्य घ्यावी, कारण तीही कोणाची तरी मेहनत आहे.

वर्षभरात किती चित्रे जमली, याचा हिशोब गौण आहे. दारातून जाणारी गाय पाहताना तिच्या कातडीखाली खांद्याचे हाड सरकलेले दिसू लागले, म्हणजे अभ्यास फळाला आला.