अख्खा पितळी म्हणजे १९१६चाच? ब्रिटिश टोपी-बिल्ल्यांविषयीचे गैरसमज

ब्रिटिश पलटणीचा बिल्ला हाती आला की तो कुणाचा, हे वाचूनच कळतं. तो कधी बनला, हे मात्र धातू, मागची बाजू आणि मजकूर एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही. एकाच खुणेवरून निकाल दिला की फसगत ठरलेली, आणि युद्धकाळातल्या बिल्ल्यांच्या बाबतीत ती सर्वाधिक होते.

सगळ्यांत पक्का रुजलेला समज म्हणजे ‘अख्खा पितळी बिल्ला १९१६चा, काटकसरीचा’. त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. अनेक रेजिमेंटांचे बिल्ले दोन धातूंचे असत: काही भाग पितळेच्या जातीतल्या गिल्डिंग मेटलचा, काही निकेल मिसळलेल्या पांढऱ्या धातूचा. दोन्ही वेगळे ठोकून मग जोडायचे. पहिल्या महायुद्धात निकेल गोळ्यांच्या आवरणासाठी आणि पोलादासाठी हवं होतं, शिवाय जोडकाम वेळखाऊ. म्हणून १९१६च्या सुमारास हेच बिल्ले सबंध एका पत्र्यातून ठोकले जाऊ लागले. वेल्श रेजिमेंटच्या बिल्ल्यावर हे छान दिसतं. त्यावरची तीन पिसं एरवी पांढरी, नावाची फीत पिवळी. काटकसरीच्या आवृत्तीत पिसंही पिवळी.

पण ऑक्टोबर १९१५मध्ये उभ्या राहिलेल्या मशीन गन कोअरचा बिल्ला, म्हणजे दोन आडव्या-तिडव्या व्हिकर्स मशीन गन आणि वर मुकुट, मुळातच पितळी होता. तोफखान्याचा तोफेचा बिल्लाही तसाच. त्यांना ‘युद्धकाळातली दुर्मीळ आवृत्ती’ म्हणून चढा भाव लावणं सरळसरळ चूक आहे. आधी विचारायचं ते हे, की शांततेच्या काळात हा बिल्ला दोन धातूंचा होता का?

वेल्शच्याच बिल्ल्यावर दुसरी तपासणीही होते. १९२०मध्ये या रेजिमेंटला नावाचं जुनं स्पेलिंग अधिकृतपणे परत मिळालं आणि ‘वेल्श’मधल्या ‘एस’च्या जागी ‘सी’ आला. तेव्हा अख्ख्या पितळी बिल्ल्यावर ‘सी’ दिसला तर १९१६ची गोष्ट तिथेच संपते. असे बिल्ले बहुधा संग्राहकांसाठी नंतर ठोकलेले असतात. कधी कधी तर ठसाही अस्सल जुनाच असतो, म्हणून नजर चुकते. झिजलेल्या ठशामुळे बोथट झालेल्या रेषा आणि पोकळ जागांच्या कडेला राहिलेली पत्र्याची कूस, यांवर बारीक लक्ष ठेवावं. बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँट कंपनीचं नाव मागच्या पट्टीवर आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. नकलाकारांनी तेही उचललं आहे.

‘प्लास्टिकचा बिल्ला म्हणजे खेळणं’ हा समज तर मला फार खटकतो, कारण त्यापायी चांगल्या वस्तू कचऱ्यात गेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात तांबं, जस्त, निकेल वाचवण्यासाठी सरकारनेच सेल्युलोज ॲसिटेटचे बिल्ले काढले. १९४२पासून ते सैनिकांच्या टोप्यांवर सर्रास दिसू लागले. रंग चॉकलेटी, राखाडी-रुपेरी किंवा काळा. मागे धातूची दोन पाती साच्यातच रुतवलेली असतात. ती टोपीच्या कापडातून घालून वाकवायची. वॉलसॉलच्या ए. स्टॅनली अँड सन्सचं किंवा लंडनच्या फ्रेझर अँड ग्लासचं नाव अनेकांच्या पाठीवर उठवलेलं सापडतं. पाती वरून चिकटवलेली वाटली तर सावध व्हावं. आणि असा बिल्ला ॲसिटोनने कधीही पुसू नये, तो विरघळतो. व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर प्लास्टिक कुजायला लागलं आहे असं समजून तो बाकीच्या संग्रहापासून वेगळा ठेवावा.

तपकिरी धातूचा बिल्ला पाहूनही लोक काटकसर म्हणतात. तो बहुधा अधिकाऱ्याच्या सर्व्हिस ड्रेसचा ब्राँझ बिल्ला असतो. राजाचा मुकुट म्हणजे युद्धकाळ, हेही तितकंच पोकळ. तो मुकुट १९०१पासून राणी एलिझाबेथ गादीवर येईपर्यंत, अर्धशतकभर चालला. मागे उभी पट्टी की दोन कड्या, यावरूनही वर्ष ठरत नाही, दोन्ही पद्धती बराच काळ बरोबरीने वापरात होत्या.

‘ओतीव म्हणजे नकली’ हा समज आपल्याकडे जास्त घातक आहे. ठशाने ठोकलेल्या बिल्ल्याची ओतीव नक्कल ही फसवणुकीची नेहमीची रीत, हे खरं. पण हिंदुस्थानात आणि इजिप्तमध्ये असलेल्या ब्रिटिश पलटणी हरवलेले बिल्ले स्थानिक कारागिरांकडून वाळूच्या साच्यात ओतून घेत. मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात असा जाड, जड, हाताने कानस फिरवलेला बिल्ला मिळाला तर तो लगेच टाकून देऊ नये. खरा वापरलेला असेल तर वर्षानुवर्षांच्या पॉलिशने पुढचे उंचवटे घासून गुळगुळीत झालेले असतात, आणि मागच्या कड्या पिन जिथे घासते नेमक्या त्याच जागी आतून झिजलेल्या असतात.