रूबी कुठे ठेवायची?

मुलांनो, रूबी ही संगणकाची भाषा जपानचीच. युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९५ साली लोकांपुढे आणली. घरच्या विंडोज संगणकावर ती घेताना जागा विचारली जाते. सुचवलेला फोल्डर थेट सी ड्राइव्हवर असतो. आम्ही म्हणू, तोच राहू द्या. ‘प्रोग्राम फाइल्स’ या नावात मध्ये मोकळी जागा आहे. तिथेच पत्ता संपला, असे काही साधने समजतात! डेस्कटॉपही नको. तो तुमच्या नावाच्या फोल्डरात असतो, आणि आईबाबांनी ते नाव कांजीत किंवा हौसेने देवनागरीत लिहिले असेल, तर काही साधने अडखळतात. इथे रोमन अक्षरेच बरी.

पुस्तकातल्या पत्त्यात उलटी तिरकी रेघ असते, जपानी संगणकावर मात्र बहुधा येनचे चिन्ह दिसते. घाबरू नका. त्या रेघेचा क्रमांक जपानी मानकाने १९६९ साली येनला दिला. संगणकाला दोन्ही एकच.

तुम्ही लिहिलेले प्रोग्राम मात्र रूबीच्या फोल्डरात ठेवू नका. दर नाताळला नवी रूबी येते; जुनी काढताना बाबा तो फोल्डरच पुसून टाकतील, आणि तुमचे खेळही त्याबरोबर जातील.