मैफल मैदानावरची, काळजी कानांची

नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी ‘कोल्डप्ले’ या लंडनच्या रॉक बँडचे कार्यक्रम झाले. मैदानाला आपल्याच जिल्ह्यातील डॉ. डी. वाय. पाटील यांचे नाव असल्याने कोल्हापूरकरांना ते परके वाटत नाही. पुढे ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये हाच बँड आपल्या गावी, म्हणजे लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये, दहा रात्री वाजला. आवडत्या कलावंताला हजारो चाहत्यांबरोबर मैदानात उभे राहून ऐकण्याचा आनंद घरच्या टेपवर मिळत नाही, हे खरेच आहे. तेव्हा ‘जाऊ नका’ असे सांगण्यासाठी हा लेख नाही. जावे, मनसोक्त ऐकावे, पण कान शाबूत घेऊन घरी यावे, एवढेच सांगायचे आहे.

‘कोल्डप्ले’चा गायक ख्रिस मार्टिन याने २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले की, त्याच्या कानात अनेक वर्षांपासून सतत आवाज येतो. तरुणपणी मोठ्या आवाजात गाणी ऐकल्याचा हा परिणाम आहे, असे तो सांगतो. आता कार्यक्रमाच्या वेळी तो कानांना संरक्षण वापरतो. व्यासपीठावरचा गायक कान जपतो आणि समोर नाचणारा आपला मुलगा उघड्या कानांनी स्पीकरला टेकून उभा असतो!

आवाज किती आणि किती वेळ

आवाज डेसिबल या एककात मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसण्याजोगा मानला, तर ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ ला १ तासच उरतो. १०० डेसिबलला ही मर्यादा फक्त १५ मिनिटांवर येते. मैदानावरच्या रॉक कार्यक्रमात आवाज सहज १०० च्या आसपास जातो आणि कार्यक्रम दोन तास चालतो. म्हणजे एका रात्रीत आठपट मात्रा! औषधाची आठपट मात्रा आपण कोणी घेऊ का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जे मानक जाहीर केले, त्यात आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. जुना काळ याहून वाईट होता. लंडनच्याच ‘द हू’ या बँडने ३१ मे १९७६ रोजी तेथील चार्लटन फुटबॉल मैदानावर इतका आवाज केला, की गिनेस बुकात सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंद झाली. लोकांनी कान खराब करून घेण्याची चढाओढ लावू नये म्हणून गिनेसने पुढे हा विक्रमच बंद केला. या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याला पुढे कमी ऐकू येऊ लागले आणि कानात आवाज येण्याचा त्रासही जडला.

कानाच्या आत काय होते?

कानाच्या पडद्यामागे, आतल्या बाजूला, गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक इवलीशी नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने या पेशींवरचे सूक्ष्म केस हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वाऱ्याने शेतातील पीक डोलावे तसे हे केस डोलतात. वारा थांबला की पीक पुन्हा उभे राहते, पण वादळात ते आडवे होते. कार्यक्रमानंतर कानाला दडे बसल्यासारखे वाटते, कुंई आवाज येतो, तो याच वादळामुळे. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत कान पूर्ववत झाल्यासारखे वाटतात. परंतु काही पेशी कायमच्या मरतात. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा तयार होतात, माणसाच्या कानात होत नाहीत. गोळी, इंजेक्शन वा शस्त्रक्रियेने त्या परत आणता येत नाहीत.

प्रथम जातात त्या उंच, बारीक स्वर ऐकणाऱ्या पेशी. त्यामुळे सुरुवातीला पत्ताच लागत नाही. नंतर ‘ऐकू येते, पण काय म्हणतात ते समजत नाही’ अशी तक्रार सुरू होते, कारण स, श, फ यांसारखे वर्ण विरून जातात. संगीताच्या शौकिनाचे नुकसान तर आणखी मोठे. ज्या बँडसाठी रात्रभर प्रवास केला, त्याच्याच झांजांची किणकिण आणि गिटारची बारीक तार पुढे कानाला लागत नाही. ड्रमचा दणदणाट तेवढा उरतो.

कापूस नको, इअरप्लग घ्या

आपल्याकडे आवाज मोठा असला की कानात कापूस घालतात. कापसाने फारसे काही अडत नाही आणि संरक्षण केल्याचे खोटे समाधान मात्र मिळते. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग थोडक्या पैशांत मिळतात. फोम बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, फोम आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नीट बसला तर आवाज १२ डेसिबलने तरी उतरतो. म्हणजे १०० चे ८८ होतात आणि १५ मिनिटांची मर्यादा ४ तासांवर जाते. गाणे ऐकू येतेच. खेरीज स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहू नये आणि तासाभराने दहा मिनिटे बाजूला जाऊन कानांना विसावा द्यावा. लहान मुलांना अशा ठिकाणी शक्यतो नेऊ नये. न्यायचेच असेल तर त्यांच्या मापाची, कान पूर्ण झाकणारी संरक्षक टोपणे घालावीत.

गर्दीचे भान

कानाइतकीच गर्दीचीही काळजी हवी. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विद्यापीठात संगीत कार्यक्रमाच्या वेळी पायऱ्यांवर रेटारेटी होऊन चौघांचा मृत्यू झाला. बंगळूरला ४ जून २०२५ रोजी घरच्या क्रिकेट संघाचा विजय साजरा करताना स्टेडियमबाहेर अकरा जण दगावले. ‘आपलाच संघ, आपलेच गाव’ म्हटले की माणूस बेसावध होतो. अशा गर्दीत माणसे पायाखाली तुडवली जातात त्यापेक्षा छाती आवळल्याने श्वास कोंडून अधिक दगावतात. म्हणून आत शिरतानाच बाहेर पडण्याचे दरवाजे पाहून ठेवावेत. चारी बाजूंनी अंगाला अंग लागू लागले की गाणे कितीही आवडते असो, कडेला निघावे. दोन्ही हात छातीसमोर आडवे धरावेत, म्हणजे श्वासाला जागा राहते. पडलेला फोन वा चप्पल उचलायला वाकू नये. रेट्याच्या विरुद्ध न जाता तिरपे तिरपे कडेला सरकावे.

उपाशीपोटी जाऊ नये, पाणी पीत राहावे. फार वेळ ताठ उभे राहिल्याने घेरी येते. अधूनमधून टाचा उचलाव्यात. कोणी भोवळ येऊन पडला तर त्याला आडवे करून पाय उंच करावेत, भोवती गर्दी करू नये. मधुमेह, दमा असणाऱ्यांनी आपली औषधे खिशात ठेवावीत. फिट येणाऱ्यांपैकी काहींना लुकलुकणाऱ्या दिव्यांनी झटका येऊ शकतो. असा त्रास वाटू लागताच एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड फिरवून तेथून दूर व्हावे.

परत आल्यावर

कार्यक्रमाहून आलेल्या एका कॉलेजकुमाराला त्याच्या आईने माझ्याकडे आणले. “डॉक्टर, हाक मारली तरी ओ देत नाही. कानात वारं शिरलं असंल म्हणून कोमट तेल घातलं.” या माउलीप्रमाणे बरेच जण तेल घालतात. तेल पडद्याच्या अलीकडेच राहते. इजा तर पलीकडे, शंखात झालेली असते. अशा वेळी कानात काहीही घालू नये. एक दिवस पूर्ण शांततेत काढावा, हेडफोनही बंद ठेवावा. दोन दिवसांत आवाज थांबला नाही वा दडा सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून श्रवणचाचणी करावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जावे. अशा बहिरेपणावर लवकर सुरू केलेल्या उपचारांचाच उपयोग होतो.

आता शेवटचा मुद्दा. स्टेडियमला आपण वर्षा-दोन वर्षांतून एकदा जाऊ. पण हाच हिशेब गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतील डॉल्बीलाही लागू आहे. महाद्वार रोडसारख्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज पुन्हा अंगावर येतो आणि तो दोन तासांत संपत नाही. डॉल्बीसमोर नाचणाऱ्या पोरांच्या खिशात, आणि ट्रॅक्टरवर बसून डॉल्बी सांभाळणाऱ्याच्या तर कानातच, इअरप्लगची जोडी असली पाहिजे. मंडळांनी वर्गणीतून गुलालाबरोबर तीही आणावी.