पैगंबरांचें चरित्र : घरच्यांसाठीं आणि परक्यांसाठीं

कोणत्याही थोर पुरुषाचें चरित्र दोन प्रकारांनीं लिहिलें जातें. एक, ज्यांना तो पुरुष आधींच पूज्य आहे अशा घरच्या माणसांसाठीं. आणि दुसरें, ज्यांनीं त्याचें केवळ नांव ऐकिलें आहे, किंबहुना नांवाबरोबर कांहीं अपवादही ऐकिले आहेत, अशा परक्यांसाठीं. श्रावणांत ज्या घरीं रामविजयाची पोथी लागते, तेथें राम खरोखर होऊन गेला काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तेथें ऐकणाराला कथा ठाऊक असते. त्याला ती पुन्हां ऐकावयाची असते. परंतु तीच कथा एखाद्या परधर्मीय विद्वानाला सांगावयाची झाली, कीं सांगणाराचा सूर बदलतो. तो पुरावे जुळवूं लागतो, शंकांना आधींच उत्तरें देतो, आणि जेथें श्रोता भुंवई उंचावील अशी भीति वाटते, तेथून लवकर पुढें सरकतो.

इस्लामचे संस्थापक महंमद पैगंबर यांच्या चरित्राच्या बाबतींत हा सूर कसा बदलत गेला, हें पाहण्यासारखें आहे. हा विषय आपला नव्हे असें कोणी म्हणूं नये. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, तसेंच बांदें व सावंतवाडी येथें, मुसलमान कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारीं नांदत आलीं आहेत. त्यांची घरगुती बोली आपल्या बोलीच्या सख्ख्या बहिणीसारखी आहे. असें असून, त्यांना जो पुरुष सर्वांहून वंदनीय, त्याच्याविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत जी माहिती असते, ती बहुधा शाळेच्या पुस्तकांतील अर्ध्या पानापलीकडे जात नाहीं.

पैगंबरांचें निधन इ. स. ६३२ मध्यें झालें. आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें विस्तृत चरित्र मदिनेंत जन्मलेल्या इब्न इसहाक यानें रचिलें. त्याचा मृत्यु इ. स. ७६७ च्या सुमारास झाला. त्याचा मूळ ग्रंथ आज अखंड मिळत नाहीं. नवव्या शतकाच्या पूर्वार्धांत दिवंगत झालेल्या इब्न हिशाम यानें त्याची संपादिलेली आवृत्ति सिद्ध केली आणि तीच सर्वत्र प्रचारांत आली. वाकिदीनें मुख्यतः लढायांचा वृत्तांत लिहिला. त्याचा लेखनिक इब्न साद यानें पैगंबरांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे वृत्तांत अनेक खंडांत गोळा केले. आणि तबरी यानें आपल्या जगाच्या इतिहासांत पूर्वीच्या ग्रंथांतील उतारे जतन केले. हे चार ग्रंथ म्हणजे पुढील सर्व चरित्रांचे आधारस्तंभ होत.

ह्या ग्रंथांची रीति आपल्या वाचकांस अगदींच अपरिचित वाटूं नये. प्रत्येक गोष्टीच्या आरंभीं ती कोणी कोणास सांगितली ह्याची सांखळी दिलेली असते. अमक्यानें मला सांगितलें, त्याला अमक्यानें, आणि त्यानें तें स्वतः पाहिलें. बृहदारण्यकोपनिषदांतील वंशब्राह्मणांत गुरुशिष्यांची नामावळि अशीच एकामागून एक दिली आहे. नैयायिकांनीं शब्द हें प्रमाण मानिलें. पण तो शब्द आप्ताचा, म्हणजे जाणत्या व सत्य सांगूं इच्छिणाऱ्या माणसाचा असावा, अशी अट घातली. अरबी पंडितांनीं ही अट फार कसोशीनें पाळिली. कथन करणारे हे कोण, कोठले, त्यांची स्मरणशक्ति कशी, त्यांची व पूर्वीच्या वक्त्याची भेट होणें शक्य होतें काय, ह्याचें त्यांनीं एक स्वतंत्र शास्त्रच बनविलें. खुद्द इब्न इसहाकावरही मदिनेचे धर्मशास्त्री मालिक यांनीं कठोर टीका केली होती. ह्यावरून श्रद्धा आणि चिकित्सा यांचा तेथें सर्वथा वियोग होता, हा समज टिकत नाहीं.

आपल्या मराठींत ह्याला जवळचें उदाहरण लीळाचरित्राचें आहे. चक्रधरस्वामींच्या पश्चात् म्हाइंभटानें ठिकठिकाणीं जाऊन, ज्यांनीं स्वामींना पाहिलें होतें त्यांच्याकडून लीळा मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढें मूळ ग्रंथ नष्ट झाल्यावर शिष्यांनीं तो आठवून पुन्हां सिद्ध केला, आणि म्हणून त्यांत पाठभेद आले. प्रिय माणूस डोळ्यांआड झाला म्हणजे त्याचें बोलणें, बसणें, जेवणें हें सर्व सांठवून ठेवावेंसें वाटतें. ही ओढ अरबस्तानांत आणि गोदातीरीं सारखीच होती.

आतां युरोपांत काय झालें तें पाहूं. तेथें कित्येक शतकें पैगंबरांचें नांव केवळ निंदेसाठीं घेतलें जात असे. इ. स. १६९७ मध्यें प्रिडो नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें जें चरित्र लिहिलें, त्यांत त्यांना दांभिक ठरविण्यापलीकडे दुसरा हेतु नव्हता. १७३४ सालीं जॉर्ज सेल यानें कुराणाचें इंग्रजी भाषांतर केलें, तेव्हां वाचकांना मूळ वचनांची थोडी ओळख झाली. १८४० सालीं कार्लाइल यानें लंडनमध्यें विभूतींवर व्याख्यानें दिलीं आणि दांभिकपणाचा आरोप स्पष्टपणें झिडकारला. तरी ह्यांपैकीं कोणाजवळही जुने अरबी चरित्रग्रंथ पुरतेपणीं नव्हते.

ते हाती लागले, आणि विशेष हें कीं, त्यांतील बरेंच काम हिंदुस्थानांत झालें. स्प्रेंगर ह्या ऑस्ट्रियन पंडिताचें चरित्र १८५१ सालीं अलाहाबादेस छापलें गेलें. वाकिदीचा ग्रंथ १८५६ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. इब्न हिशामची अरबी संहिता व्यूस्टेनफेल्ड यानें १८५८ ते १८६० च्या दरम्यान जर्मनींतील गटिंगेन येथें छापविली. ह्याच सुमारास, १८५८ ते १८६१ ह्या वर्षांत, विल्यम म्यूर यांचे चार खंड लंडनमध्यें निघाले. म्यूर हे आग्र्याकडील मुलकी अधिकारी. पुढें ते वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. फांडर नांवाच्या मिशनऱ्याच्या सूचनेवरून आपण हें काम हातीं घेतलें, असें त्यांनींच सांगून ठेविलें आहे. त्यांचा अभ्यास खोल होता, आधार अस्सल होते. परंतु निर्णय आधींच ठरलेला होता.

हा अनुभव आपल्यालाही नवा नाहीं. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांनीं मोरभट दांडेकरांना उत्तर म्हणून १८३२ सालीं हिंदुधर्माचें खंडन छापिलें, आणि पुढच्याच वर्षीं हाजी महंमद हाशीम यांना उत्तर म्हणून इस्लामचें. हात एकच, लेखणी एकच. केवळ प्रतिपक्षी बदलला. ज्या मापानें एका घरची पूज्य व्यक्ति मोजली गेली, त्याच मापानें शेजारच्या घरचीही मोजली गेली. हें ध्यानांत ठेविलें, तर म्यूर यांच्या पुस्तकांतील दोष आपल्याला वेगळा शिकवावा लागणार नाहीं.

म्यूर यांचें पुस्तक वाचून सय्यद अहमदखान अस्वस्थ झाले. १८६९ सालीं ते विलायतेस गेले, तेथील ग्रंथालयांत बसले, आणि खर्चाचा भार स्वतः सोसून १८७० सालीं त्यांनीं पैगंबरांच्या चरित्रावरील आपले निबंध इंग्रजींत प्रसिद्ध केले. त्यानंतर तीन वर्षांनीं सय्यद अमीर अली ह्या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें लंडनमध्येंच दुसरें पुस्तक लिहिलें. तेच पुढें कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि १८९१ सालीं त्यांचा इस्लामच्या तत्त्वांवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. हे दोघेही इंग्रज वाचकाला उद्देशून लिहीत होते. त्यांची भाषा संयत, विद्वत्ता मोठी, आणि हेतु निर्मळ होता.

तथापि अशा पुस्तकांत एक अपरिहार्य उणीव राहते. उत्तराचा आकार प्रश्न ठरवितो. इंग्रज टीकाकारानें लढायांविषयीं विचारलें, म्हणून लढायांचें प्रकरण लांबतें; बहुपत्नीकत्वाविषयीं व गुलामगिरीविषयीं आक्षेप घेतला, म्हणून त्यांची प्रकरणें स्वतंत्र होतात. उलट, ज्या गोष्टींमुळें सामान्य श्रद्धाळूचें मन भरून येतें, त्या आक्रसून जातात. जन्मापूर्वींच पितृछत्र हरपलेलें मूल, सहाव्या वर्षीं आईचाही वियोग, आजा व चुलता यांनीं केलेला सांभाळ, प्रथम विश्वास ठेवणारी पत्नी खदीजा, स्वतःच्या हातानें जोडा शिवणारा व वस्त्राला ठिगळ लावणारा गृहस्थ, हें चित्र मौलूदाच्या पठणांत ठळक असतें. परक्यांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत तें अंधुक होतें. बंकिमचंद्रांनीं १८८६ सालीं बंगालींत कृष्णचरित्र लिहिलें, तेव्हां त्यांनाही ह्याच वाटेनें जावें लागलें. इंग्रजी शिकलेल्या वाचकापुढें आदर्श पुरुष सिद्ध करण्याच्या भरांत गोकुळांतील बाललीला बऱ्याच अंशीं बाजूस पडल्या. आपली आजी ज्या कृष्णाला ओळखते, तो त्या ग्रंथांत शोधूनही सांपडणें कठीण.

विसाव्या शतकांत ही स्थिति पालटली. आल्फ्रेड गिलोम यांनीं १९५५ सालीं इब्न इसहाकाच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. इब्न हिशामनें आपण कांहीं मजकूर गाळला असल्याचें आरंभींच मान्य केलें होतें. तबरीसारख्यांनीं राखलेले तसले उतारे गिलोम यांनीं शक्य तेथें पुन्हां जोडून दिले. १९८३ सालीं मार्टिन लिंग्ज यांनीं प्राचीन ग्रंथांतील कथाच सरळ, सलग, वाद न घालतां इंग्रजींत सांगितली. लिंग्ज हे जन्मानें इंग्रज असून त्यांनीं इस्लाम स्वीकारिला होता. त्यांच्या पुस्तकांत लेखक कोणाचा बचाव करीत नाहीं. तो केवळ सांगतो. मात्र चिकित्सक वाचकाला जे प्रश्न पडतात, त्यांचीं उत्तरें तेथें मिळत नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. ज्याला तीं हवीं, त्यानें माँटगोमेरी वॉट यांचे १९५३ व १९५६ सालचे मक्का व मदिना ह्यांवरील दोन ग्रंथ पाहावे.

मराठींत हा विषय कोणीं हाताळिला? महात्मा फुले यांनीं 'मानव महंमद' हें काव्य रचिलें. पालगडचे, म्हणजे आपल्याच कोंकणचे, साने गुरुजी यांनीं 'इस्लामी संस्कृति' ह्या पुस्तकांत पैगंबरांचें चरित्र आपल्या नेहमींच्या मृदु शैलीनें सांगितलें. गागोद्याचे विनोबा यांनीं तर अरबी शिकून कुराण मुळांतून वाचलें व १९६२ च्या सुमारास 'कुराणसार' सिद्ध केलें. ह्या तिघांची प्रकृति भिन्न, पण शेजाऱ्याच्या घरांत डोकावतांना पायांतील जोडे बाहेर काढून ठेवावे, हा संस्कार तिघांचाही होता.

एरव्हीं मात्र आपण अरबस्तानची माहिती लंडनमार्गें मागवीत आलों. हा मोठा वळसा आहे. ज्या समुद्रावरून अरबी गलबतें कोंकणच्या बंदरांत येत, तो आपल्या दारांतच आहे. माहीमचे मखदूम अली (१३७२–१४३१) यांनीं ह्याच कोंकणपट्टींत बसून कुराणावर अरबींत भाष्य लिहिलें. तरी आपण शेजाऱ्याला विचारण्याऐवजीं दूरच्या साहेबाला विचारलें. आणि साहेबानें सांगितलेलें, त्याच्या अनुकूल-प्रतिकूल मतांसह, ज्ञान म्हणून घरांत आणून ठेविलें.

मग वाचावें कसें? ह्या बाबतींत मालवणांत १८३७ सालीं जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचें स्मरण होतें. ज्या गटिंगेनमध्यें इब्न हिशामची संहिता छापली गेली, तेथील विद्यापीठानेंच १८८५ सालीं त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. त्यांनीं १८८८ सालीं चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक पद्धतीचें विवेचन केलें, आणि आपल्या धर्मग्रंथांनाही ती पद्धति लावण्यास ते कचरले नाहींत. संशोधकानें पक्षपाताचा वकील होऊं नये, न्यायाधीशासारखें समतोल राहावें, ही त्यांच्या सगळ्या कामाची वृत्ति. तिच्या आधारें कोणतेंही चरित्र हातीं घेतांना तीन प्रश्न विचारावे : सांगणारा कोण, तो कोणासाठीं सांगतो, आणि त्यानें काय गाळलें? म्यूर आणि अमीर अली हे दोघेही ह्या प्रश्नांतून सुटत नाहींत. तसेच आपले पोथीकारही सुटत नाहींत.

परंतु न्यायाधीशाचें आसन पंडिताला शोभतें. तें घराच्या ओटीवर मांडतां येत नाहीं. शेजारी हा कांहीं आपल्यापुढें उभा असलेला आरोपी नव्हे. आपल्या शास्त्रकारांनीं ह्यासाठीं अधिक चांगली शिस्त घालून दिली आहे. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहांत सोळा दर्शनें आहेत, आणि पहिलें स्थान चार्वाकाला आहे. जें मत मुळींच मान्य नाहीं, तेंही आधीं नीट मांडावें, मग आपलें म्हणावें, ही पूर्वपक्षाची मर्यादा. पैगंबरांचें चरित्र मुसलमान गृहस्थ आपल्या मुलांना कसें सांगतो, तें एकदां त्याच्याच सुरांत ऐकून घेणें, हा तो पूर्वपक्ष. लढाया, विवाह, कायदे ह्यांविषयींच्या शंका त्यानंतर खुशाल विचाराव्या. त्या विचारण्यांत अनादर नाहीं.

ह्याची निकड घरोघरीं आहे. एकत्र कुटुंबांत दहा-बारा वर्षांचें मूल एके दिवशीं विचारतेंच, कीं शेजारच्या घरीं ज्यांचें नांव इतक्या आदरानें घेतात ते पैगंबर कोण? त्या क्षणीं वडील माणसांजवळ दोन सरळ, खरीं वाक्यें नसलीं, तर ती रिकामी जागा रिकामी राहत नाहीं. बाजारांतील कुजबूज ती भरून काढते, आणि एकदां भरलेली जागा पुन्हां स्वच्छ करणें फार अवघड असतें. मुलाच्या मनांत शेजाऱ्याविषयीं पहिलें वाक्य कोणाचें पडावें, हें ठरविणें अद्याप आपल्या हातीं आहे. घरच्या कपाटांत रामविजय, ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र यांच्या शेजारीं साने गुरुजींचें तें पुस्तक ठेविलें, आणि दिवाळीच्या सुटींत त्याचीं कांहीं पानें मोठ्यानें वाचलीं, तर आपल्या धर्माला कोठेंही बाध येणार नाहीं. शेजारधर्म मात्र पाळला जाईल.