बाटलीच्या कुंच्याचे झाड

नोएडा नगरीतील एखाद्या सेक्टरच्या उद्यानात फाल्गुन-चैत्रात शिरावे, तो वाकलेल्या फांद्यांच्या टोकांशी तांबडेलाल झुबके लोंबताना दिसतात. आणि ते हुबेहूब बाटली धुण्याच्या कुंच्यासारखे असल्याने ‘बॉटलब्रश’ हे काहीसे अरसिक नाव या झाडाला का चिकटले, हे निराळे सांगावे लागत नाही. १८१४ मध्ये रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेले ‘कॅलिस्टेमॉन’, म्हणजे सुंदर पुंकेसरांचे, हे नाव मला अधिक न्याय्य वाटते. कारण झुबका हाती घेऊन निरखला, तर पाकळ्या इवल्याशा नि नगण्य, सारा रंग पुंकेसरांचाच. मौज अशी की, फुलोऱ्याच्या शेंड्यातूनच फांदी पुढे वाढत जाते आणि मागे राहिलेली लाकडी बोंडे मण्यांसारखी वर्षानुवर्षे तिला बिलगून असतात. पूर्व ऑस्ट्रेलियातील ओढ्याकाठचा हा रहिवासी आपल्या जांभूळ-पेरूंच्याच गोतावळ्यातला. तिकडे त्याच्या मधावर मधुभक्षी पक्ष्यांचा हक्क. इकडे ते वतन जांभळ्या शिंजिराने केव्हाच बळकावले आहे.