भांडी आपटल्यासारखं संगीत

‘‘अगं, हे काय भांडी आपटल्यासारखं लावलंयस?’’ हा प्रश्न गेली तीसेक वर्षं मी ऐकतेय. आधी आईनं विचारला, मग सासूबाईंनी, आता माझी लेक विचारते. मी इचलकरंजीत राहते, पन्नाशी ओलांडलीय, आणि मला ‘हेवी मेटल’ आवडतं. भिशीत हे सांगितलं की बायका आधी हसतात, मग विचारतात, ‘‘ते सैतानाचं का?’’

सैतानाचं नाही हो, कामगारांचं! हे संगीत जन्मलं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला, लोखंड ठोकणाऱ्या गावात. तिथल्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतल्या चार पोरांचा बँड म्हणजे ‘ब्लॅक सबाथ’. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची नेमकी तीच बोटं! पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून चामडं चिकटवलं. दाबायला सोप्या म्हणून हलक्या तारा लावल्या आणि पुढं त्या ढिल्याही केल्या. तार ढिली झाली तसा सूर खाली उतरला, जड झाला. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये तो जडपणा कानाला नाही, छातीला जाणवतो.

माझं माहेर यंत्रमागवाल्यांच्या गल्लीतलं. रात्रपाळीचा खडखडाट चालू असला की आम्ही पोरं गाढ झोपायचो, वीज जाऊन माग थांबले की जागे व्हायचो. त्यामुळं कॉलेजात असताना भावानं कॅसेट आणली तेव्हा मला तो आवाज परका वाटलाच नाही.

सबाथचा ‘पॅरनॉइड’ (१९७०) अजूनही माझ्या मते पहिला नंबर. त्यातलं ‘वॉर पिग्ज’ हे युद्ध लावून देणाऱ्या बड्या लोकांवरचं गाणं आजही शिळं झालेलं नाही. गायक ऑझी ऑसबॉर्न. त्याच्या स्टेजवरच्या आचरटपणाचंच लोकांनी कौतुक केलं, आवाजाचं कमी. ५ जुलै २०२५ला तो अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्क मैदानावर शेवटचं गायला. पार्किन्सनमुळं उभं राहता येत नव्हतं, म्हणून खुर्चीत बसून. २२ जुलैला गेला. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ‘पॅरनॉइड’ लावला, आणि घरात कुणी काही म्हटलं नाही.

‘आयर्न मेडन’ची गोष्ट वेगळी. त्यांना गोष्ट सांगायची हौस. स्टीव्ह हॅरिसचा बास घोड्याच्या टापांसारखा दौडत असतो. ‘पॉवरस्लेव्ह’ (१९८४)मध्ये कोलरिजच्या दीर्घकवितेवरचं तेरा मिनिटांहून मोठं गाणं आहे, ऐकताना कीर्तनातल्या आख्यानाची आठवण येते. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन विमानही चालवतो, बँडला घेऊन स्वतः उडवत फिरलाय. २००८च्या फेब्रुवारीत ते मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले. लेक तीन वर्षांची होती, मला कसलं जाता येतंय!

आता ‘मेटालिका’. इथं माझी मतं जरा कडक आहेत. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) उत्तम. व्यसन माणसाला कसं बाहुलं करतं, हे त्या मुख्य गाण्यात नुसत्या शब्दांतून नाही, वाजवण्यातूनही कळतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनला त्यांची बस उलटली आणि बासवाला क्लिफ बर्टन गेला. नवा बासवाला आला, पण पुढच्या अल्बममध्ये, १९८८च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये, त्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. डग्गा गायब आणि नुसता तबला वाजतोय असं वाटतं. नव्या सुनेच्या बोलण्याकडं पहिली काही वर्षं कुणी लक्ष देत नाही, तसंच ते. १९९१चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम सगळ्यांना आवडतो. गुळगुळीत आहे, घरच्यांसमोर लावायला बरा. पण मला त्यात भूक जाणवत नाही.

‘‘हे सगळं पुरुषांचंच,’’ असं मात्र कुणी म्हणू नये. ‘गर्लस्कूल’ हा बायकांचा बँड इंग्लंडमध्ये १९७८पासून आहे. ‘आर्च एनिमी’ या स्वीडिश बँडमध्ये २००० साली अँजेला गॉसो आली, तेव्हा तिची डरकाळी बाईच्या गळ्यातली आहे हे मला सांगूनही खरं वाटेना. फिनलंडच्या ‘नाइटविश’ची तार्या टुरुनेन शास्त्रीय गायन शिकलेली. त्यांचा ‘वन्स’ (२००४) मी किती वेळा ऐकलाय याला गणती नाही. पण पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००५मध्ये, हेलसिंकीचा मोठा कार्यक्रम झाल्यावर बँडमधल्या पुरुषांनी तिच्या हातात पत्र ठेवलं आणि काढून टाकलं. पत्र जाहीरही केलं. त्यात तिच्या नवऱ्यालाही ओढलं होतं. मतभेद असतील, मी कोण ठरवणार? पण बाईला काढायचं तर ‘ती बदलली, नवऱ्यामुळं बदलली’ हे लागतंच का? तार्या आजही स्वतःच्या नावावर गाते. मी दोन्हीकडचं ऐकते, पण त्या पत्राचा राग काही गेलेला नाही.

आणि राग हाच तर मुद्दा आहे. आपल्याकडं बाईनं रडलेलं चालतं, रुसलेलं चालतं. चिडलेलं चालत नाही. इंडोनेशियात गारुत नावाच्या जिल्ह्यातल्या गावातल्या तीन मुलींनी, शाळेत असतानाच, २०१४मध्ये बँड काढला. नाव ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’, त्यांच्या सुंदानी भाषेत बाचेप्रोत म्हणजे गोंगाट. तिघी हिजाब घालतात. त्याही कारणानं टोमणे आणि वाजवतात म्हणूनही टोमणे. बाईचं शरीर ही सार्वजनिक मालमत्ता नव्हे, असं ठणकावणारं त्यांचं एक गाणं आहे. २०२४मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात त्या वाजवून आल्या. माझ्या लेकीनं एवढं एकच बँडचं नाव माझ्याकडून उचललंय, पण उचललंय.

कुणाला ऐकून बघायचं असेल तर आधी ‘पॅरनॉइड’ घ्या, मग ‘वन्स’. दुपारी घर रिकामं असताना. आणि मोबाइलच्या स्पीकरवर मुळीच लावू नका, त्यावर बास पोचतच नाही, मग खरंच नुसती भांडी ऐकू येतात.