गंगाथडीची नाव



नगर जिल्ह्याचें नांव काढलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दुष्काळ उभा राहतो. उघडे माळ, आटलेल्या विहिरी आणि छावणींत बांधलेलीं गुरें! अशा जिल्ह्यांतील एका जुन्या मास्तरानें होड्यांविषयीं बोलावयास बसावें, ह्याचें कांहीं जणांस हसूंही येईल. परंतु हा जिल्हा, ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात, केवळ माळांचा नाहीं. त्याच्या ईशान्य अंगानें कोपरगांव, पुणतांबें, प्रवरासंगम, मुंगी अशीं स्थळें घेत गोदावरी वाहते. आमच्याकडे तिला गोदावरी असें कोणी म्हणत नाहीं; ती आमची गंगा, आणि तिच्या दोन्ही कांठांचा मुलूख तो गंगाथडी. माझें बालपण ह्या गंगाथडींत, प्रवरासंगमाच्या खालच्या अंगास असलेल्या एका लहानशा गांवीं गेलें. जुन्या अकरावीची परीक्षा १९७५ सालीं उतरलों, आणि पुढें त्याच भागांत प्राथमिक शिक्षक म्हणून माझें आयुष्य गेलें. आमच्या बालपणीं नाव हेंच आमचें वाहन होतें. ती कशी चाले आणि तिच्याबरोबर काय गेलें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

गंगाथडींतून हिंडतांना एक गोष्ट ध्यानांत येते. अलीकडच्या तीरावर जेथें जुनें गांव आहे, तेथें पुष्कळदां पलीकडच्या तीरावरही समोरच दुसरें गांव असतें. प्रवरेच्या संगमापाशीं अलीकडे टोकें व पलीकडे कायगांव. इकडे सिद्धेश्वराचें देऊळ, तिकडे रामेश्वराचें. लोक तर दोन्ही नांवें एका दमांत घेतात: कायगांव-टोकें. ह्याचें कारण साधें आहे. नदी जेथें खडकावर किंवा वाळूवर पसरते, तेथें पाणी उथळ होतें व माणसांना पायीं उतरतां येतें. ह्यालाच आपण उतार म्हणतों. आधीं उतार असतो, मग वाट पडते, आणि वाटेच्या दोन्ही टोकांना वस्ती होते.

ही गोष्ट एका परक्या सेनापतीनेंही ओळखली होती. १८०३ च्या ऑगस्टमध्यें जनरल वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला व तो औरंगाबादेच्या रोखानें निघाला. गंगा भरलेली होती. त्याच्या फौजेनें वेताच्या मोठ्या टोपल्या विणून त्यांवर गुरांचीं कातडीं चढविलीं, आणि त्या टोपल्यांतून टोक्यापाशीं नदी ओलांडली. पुढें महिन्याभरानें, २३ सप्टेंबर रोजीं, असईच्या रणांगणावर त्याला केळणा नदी आडवी आली. येथें उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं सांगितलें. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें त्याला दिसलीं. तेवढ्यावरून त्यानें अनुमान बांधलें कीं, शेजारचीं दोन गांवें उतारावांचून नदीच्या दोन कांठांवर वसणार नाहींत. अनुमान खरें ठरलें, आणि त्या दिवसाच्या लढाईचा निकालही त्यावरच पुष्कळसा लागला.

१८१८ सालीं पेशवाई गेली. नगर जिल्हा इंग्रजी अंमलाखालीं आला आणि पलीकडे निजामाचें राज्य राहिलें. तेव्हांपासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ही नदी दोन राज्यांची सीमा होती. आमचे लोक पलीकडच्या तीराला मोगलाई म्हणत. तिकडे करोडगिरीचे नाके, तिकडचा हाली रुपया निराळा, इकडचा कलदार निराळा. माझे आजोबा सांगत कीं, नावाड्याच्या कमरेला दोन कसे असत, एक कलदाराचा व एक हालीचा. परंतु सोयरिकी मात्र सीमा पाहून झाल्या नाहींत. माझ्या आत्यालाही मोगलाईंतच, समोरच्या गांवीं, दिली होती. सकाळीं तिच्या चुलीचा धूर आमच्या घाटावरून दिसे, आणि तो दिसला कीं आजी म्हणे, "उठली गं माझी लेक!"

आतां नावेविषयीं सांगतों. आमची नाव सपाट तळाची होती, कारण उथळ पाण्यांत खोल तळाची होडी वाळूवर बसते. फळ्या सागाच्या, आंतले वांक बाभळीचे. उन्हाळ्यांत ती कांठावरील झाडाखालीं पालथी घालून ठेवीत. मृगाच्या आधीं तिच्या फटींत ताग व चिंध्या ठोकून भरीत, वरून डांबर फाशीत, आणि मग नारळ वाढवून तिला पाण्यांत लोटीत. तेथून दिवाळीनंतर पाणी उतरेपर्यंत तिचें राज्य असे. पुढें गुडघाभर पाण्यांतून माणसें जात, आणि उन्हाळ्यांत तर वाळूंतून गाड्या चालत. त्याच वाळूंत भोई मंडळी टरबुजांच्या वाड्या लावीत. नावाड्याला गांवकरी सुगीला धान्य देत. रोख पैसा फक्त परक्याकडून घ्यावयाचा, अशी रीति होती.

नाव पलीकडे नेणें म्हणजे समोर तोंड करून वल्हीं मारणें, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें केलें तर धार तुम्हांला अर्धा कोस खालीं नेऊन सोडील. आमचा नावाडी प्रथम नाव दोरानें ओढून कांठाकांठानें वरच्या अंगास नेई. तेथून ती तिरपी सोडी. मग कांहीं काम वल्ह्यानें व कांहीं धारेनें होऊन नाव बरोबर समोरच्या घाटाला लागे. उथळांत लांब बांबूनें रेटावयाचें, खोलांत वल्हें धरावयाचें. धान्याचीं पोतीं मध्यभागीं, माणसें दोन्ही बाजूंस सारखीं, आणि मध्यधारेंत कोणीं उभें राहावयाचें नाहीं. बैलांना नावेंत घेत नसत. त्यांचा कासरा मागें बसलेल्या माणसाच्या हातीं देत आणि तीं मुकीं जनावरें नाकपुड्या वर धरून पोहत येत. नाव नसेल तेव्हां वाळलेल्या भोपळ्यांची सांगड छातीशीं बांधून जाणारेही मीं पाहिले आहेत.

पलीकडच्या एका वस्तीवरून सात-आठ मुलें आमच्या शाळेंत नावेनें येत. नाव घाटाला लागल्यावांचून आमचे मास्तर हजेरी घेत नसत. सायंकाळीं तीं मुलें पलीकडे पोंचलीं कीं एक लांब हांक येई, आणि ती ऐकून मगच मास्तर घरीं जात. पुढें मी स्वतः मास्तर झालों तेव्हां ह्या लहानशा रीतीचें मोल मला कळलें.

आमच्या नावाड्याची एक आठवण सांगतों. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. श्रावणाच्या दिवसांत आत्या आजारी असल्याची हांक पलीकडून आली. वडील घाईघाईनें घाटावर गेले, मी त्यांच्या मागें. पाऊस थांबलेला, पाणी शांत. पण नावाडीबाबा पाण्याकडे पाहत होता. धारेवर बारीक फेस आला होता, त्यांत काटक्या व पालापाचोळा, आणि पाण्याचा रंग किंचित् तांबूस झाला होता. त्यानें वल्हें मांडीवर आडवें ठेविलें आणि तो म्हणाला, "अण्णा, आज न्हाई." वडील रागावले, बहिणीच्या जिवाची शपथ घातली, पैसे पुढें केले. "नाशकाकडं लई पडलाय, पाणी वाटंत हाय," एवढेंच तो बोलला. रात्र पडण्यापूर्वीं पाणी मारुतीच्या पायऱ्यांना लागलें. तिसऱ्या दिवशीं पूर ओसरला तेव्हां त्यानें आपण होऊन वडिलांना बोलावून नेलें. आत्या बरी झाली. शंभर मैल वर पडलेल्या पावसाची वार्ता त्या निरक्षर माणसानें काटक्यांवरून वाचली होती. ह्या वाचनाची परीक्षा कोणत्याही शाळेंत नव्हती.

१९६५ च्या ऑक्टोबरमध्यें पंतप्रधान लालबहादुर शास्त्री ह्यांच्या हस्तें पैठणजवळ जायकवाडी धरणाचा पाया घातला गेला, व १९७६ च्या फेब्रुवारींत इंदिरा गांधींनीं त्याचें उद्घाटन केलें. सुमारें दहा किलोमीटर लांबीची भिंत आणि १०२ अब्ज घनफुटांच्या घरांतील सांठा. त्यालाच नाथसागर म्हणतात. ह्या पाण्यानें मराठवाड्याचीं शेतें भिजलीं, शहरांची तहान भागली. आमच्या कांठावरही पंप बसले व ऊंस उभा राहिला. मासेमारी वाढली, दूरदेशचे पक्षी हिवाळ्यांत येऊं लागले व १९८६ सालीं तेथें पक्षी-अभयारण्य झालें. हें सर्व चांगलेंच झालें. ज्यानें १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, तो धरणाला नांवें ठेवणार नाहीं.

पण फुगवट्याचें पाणी चढलें तसे आमचे उतार एकामागून एक बुडाले. आमचें जुनें गांव, तो घाट, ती मारुतीची पायरी, सर्व पाण्याखालीं गेलें व आम्ही वरच्या माळावर राहावयास आलों. जेथें हांक ऐकूं येई तेथें आतां दूरवर पाणी पसरलें. वारा सुटला कीं त्यावर लाटा उठत. ती नदीची सपाट नाव तेथें टिकणारी नव्हती. नावाडीबाबानें दोन वर्षें धीर धरला आणि मग फळ्या विकल्या. समोरचें गांव नकाशावर जागच्या जागीं राहिलें, परंतु तेथें जावयाचें तर कायगांवच्या पुलावरून दोन एस.टी. बदलून जावें लागे. हळूहळू सोयरिकी थांबल्या. १९८४ च्या भाद्रपदांत आत्या गेली. निरोप फिरून फिरून आमच्याकडे पोंचला. वडील व मी पोंचलों तेव्हां राख सावडण्याची वेळ झाली होती. परततांना वडील एवढेंच म्हणाले, "पूर्वीं धूर दिसला असता."

आतां ह्यांत केवळ म्हाताऱ्या माणसाचें हळहळणें नाहीं. पाणी पूर्वीपेक्षां पुष्कळ वाढलें आणि पाण्याची ओळख मात्र गेली, ही खरी काळजी आहे. गंगापूर तालुक्यांत ह्याच फुगवट्यावरून शाळेचीं मुलें थर्माकोलच्या पाट्यांवर बसून जात असल्याचें २०२३ सालीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. तें चित्र पाहून मला आमच्या मास्तरांची हजेरी आठवली. त्या मुलांना वल्हें कोणीं शिकविलें? धार कोठें आहे, वारा कोणत्या प्रहरीं उठतो, हें त्यांना कोण सांगणार? जेथें पूल होईल तेथें तो झालाच पाहिजे. पण होईपर्यंत चांगली नाव व जाणता नावाडी देणें, हें कांहीं अशक्य काम नव्हे.

इंग्लंडांतही असाच प्रसंग आला होता. आगगाडी व मोटारी आल्यावर तेथील कालवे ओस पडले आणि सात फूट रुंदीच्या त्या लांबट मालवाहू होड्या कुजूं लागल्या. १९४४ सालीं रोल्ट नांवाच्या गृहस्थानें अशा होडींतील आपल्या प्रवासावर एक पुस्तक लिहिलें. तें वाचून लोक जागे झाले आणि १९४६ सालीं अंतर्गत जलमार्गांच्या रक्षणार्थ एक संघ निघाला. पुष्कळ कालवे त्यामुळें वांचले व आज त्यांवर पुन्हां होड्या चालतात. एका माणसानें वेळेवर लिहून ठेविलें, ह्याचें हें फळ.

आमचे उतार तर परत येणार नाहींत. पण त्यांचीं नांवें लिहून ठेवतां येतील. मीं एका वहींत आमच्या चार कोसांच्या टापूंतील अकरा उतारांचीं व डोहांचीं नांवें उतरवून ठेविलीं आहेत. कोठें भोवरा होता, कोठें खडक होता, हेंही त्यांत आहे. शेवटचीं दोन नांवें मला एका ऐंशीं वर्षांच्या बाईनें सांगितलीं, आणि त्यानंतर चार महिन्यांनीं ती वारली. कोपरगांवापासून मुंगीपर्यंत ज्यांच्या घरीं अशीं वृद्ध माणसें आहेत, त्यांनीं ह्याच आठवड्यांत त्यांच्याजवळ बसावें, विचारावें आणि लिहून घ्यावें, एवढी माझी विनंति आहे.